नामर्दी नव्हे, आजार म्हणा!

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. असरची नमाज झाल्यावर मशिदीबाहेर चपला शोधत होतो, तेवढ्यात मोहल्ल्यातल्या एका मामूंनी खांद्यावर हात ठेवला. वय पंचावन्नच्या आसपास, पिठाची गिरणी चालवतात, दोन्ही मुलींची लग्नं झालेली. मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, ‘‘बेटा, तू लिखता है, पढा हुआ है. एक बात पूछने की थी, मगर यहाँ नको.’’ आम्ही कब्रस्तानच्या भिंतीलगतच्या कट्ट्यावर जाऊन बसलो.

बराच वेळ ते गिरणीच्या वीजबिलाबद्दल बोलत राहिले. मग मान खाली घालून त्यांनी विषय काढला. चौदा वर्षांपासून शुगर आहे. सहा वर्षांपासून बायकोजवळ जाता येत नाही. हकीम झाले, तावीज झाले, डॉक्टरांच्या गोळ्याही झाल्या. शेवटी पुण्यातल्या एका युरोलॉजिस्टने सांगितलं, की आता ऑपरेशन करून आत ‘रॉड’ बसवणं हाच उपाय उरला आहे. मामूंचे दोन प्रश्न होते. पहिला, हे जायज आहे का? दुसरा विचारायला त्यांना आणखी पाच मिनिटं लागली. ‘‘मरने के बाद गुसल देते टैम लोगां को मालूम पडेगा क्या?’’

मी गप्प झालो. हा माणूस सुरीला घाबरत नव्हता. भूल, टाके, खर्च यांतलं काही त्याच्या मनात नव्हतं. त्याला भीती होती ती आपली. आपली मयत ज्यांच्या हातून कब्रीत उतरायची, तेच लोक गुसलच्या पाटावर आपल्याकडे बघून एकमेकांना डोळा मारतील, ही भीती. ज्या समाजात माणसाला मेल्यानंतरच्या चेष्टेचीही धास्ती वाटते, त्या समाजाने स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत. हा लेख त्यासाठी आहे. मामूंची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असं काही लिहू नकोस, एवढीच त्यांची अट होती. तेव्हा गिरणी म्हटलं आहे, ती गिरणीच असेल असं समजू नका.

शब्दच चुकीचा

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत नपुंसक, उर्दूत नामर्द. दोन्ही शब्द रोग सांगत नाहीत, शिवी देतात. डोळ्याला मोतीबिंदू झाला तर आपण माणसाला ‘नामाणूस’ म्हणत नाही. गुडघा झिजला तर त्याच्या खानदानाचा उद्धार करत नाही. मग लिंगाला ताठरता येत नाही, एवढ्यावरून त्याला पुरुषांच्या जमातीतून हाकलून कसं देता?

ताठरता ही रक्ताची आणि नसांची गोष्ट आहे. लिंगात स्पंजासारख्या दोन लांबट पोकळ्या असतात. मेंदूकडून इशारा आला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पोकळ्यांत रक्त भरतं आणि बाहेर जाणारा रस्ता दाबला जातो. रक्तवाहिन्या आतून खराब झाल्या, नसा बधिर झाल्या, तर इशारा येऊनही रक्त भरत नाही. मधुमेह नेमकं हेच दोन्ही बाजूंनी करतो. तंबाखू, रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल त्याला हातभार लावतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाचं ऑपरेशन, मणक्याला झालेली इजा, काही औषधं यांमुळेही हा त्रास होतो. तरुण वयात बऱ्याचदा मनावरचा ताण आणि भीती हे कारण असतं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली एक गाजलेली पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. ४० ते ७० वयाच्या सुमारे १,३०० पुरुषांना विचारलं, तेव्हा त्यातल्या ५२ टक्क्यांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होता. संपूर्ण असमर्थता एकूण पुरुषांत सुमारे १० टक्के होती, मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांत २८ टक्के. आता आपल्याकडे या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे मामू एकटे नाहीत. जुम्याच्या नमाजला तुमच्या सफमध्ये उभ्या असलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांत असे किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. तो तुमचा भाऊ असेल, अब्बा असतील, कदाचित तुम्ही स्वतः असाल.

आणखी एक गोष्ट, जी प्रत्येक बायकोला आणि मुलालाही माहीत असायला हवी. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. नळी जेवढी बारीक, तेवढी लवकर तुंबते. म्हणून पन्नाशीतल्या माणसाला हा त्रास सुरू झाला, तर पुढच्या काही वर्षांत हृदयविकार होण्याचा तो इशारा असू शकतो. जो माणूस लाजेपोटी हे लपवतो, तो हृदयाची धोक्याची घंटाही बंद करून टाकतो. ही लाज जीव घेते, हे मी उपमा म्हणून लिहीत नाही.

भिंतीवरचा हकीम

डॉक्टरकडे जायची लाज वाटते, तेव्हा माणूस कुठे जातो? जिथे अंधार असतो तिथे. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंती वाचा. ‘गुप्तरोग’, ‘शर्तिया इलाज’, ‘मिलें या लिखें’. हायवेच्या कडेला तंबू ठोकून बसलेले खानदानी वैद्य बघा. एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारे ‘मशहूर हकीम साहब’ बघा. सांड्याचं तेल विकणारा बघा. त्या बिचाऱ्या सरड्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पण ते तेल लावणाऱ्या माणसाला कुणाचंच नाही.

मामूंनी मला हिशेब सांगितला. पहिल्या हकिमाने नाडी धरून सांगितलं, ‘‘जवानी की गलतियाँ हैं.’’ पंचावन्न वर्षांचा, दोन मुलींचा बाप, आणि त्याने विशीतल्या चुकीची शिक्षा म्हणून केशर-कस्तुरीच्या नावाची भुकटी विकत घेतली. दुसऱ्याने सोन्याचं भस्म दिलं. तिसऱ्याने ‘नस पे लगाने का’ तेल. सहा वर्षांत एका मुलीच्या लग्नाइतका पैसा गेला. या तिघांपैकी एकानेही त्यांची रक्तातली साखर तपासायला सांगितली नाही.

यात कायद्याची पळवाट आहे असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात या कायद्याने गुन्हा ठरते. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा केला तर एक वर्षापर्यंत. या कायद्याला ‘हमदर्द दवाखाना’ या नामवंत युनानी संस्थेने सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं होतं. डिसेंबर १९५९ मध्ये कोर्टाने काही तरतुदी रद्द केल्या, पण निषिद्ध औषधांची अशी जाहिरात म्हणजे व्यापार आहे, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड तिला लपता येणार नाही, हे स्पष्ट केलं. त्यालाही आता साठाहून अधिक वर्षं झाली. भिंती अजून रंगतच आहेत, कारण तक्रार करणारा कुणी नाही. फसलेला माणूस पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगेल? ‘मी नामर्द आहे आणि मला फसवलं’? आपल्या लाजेवरच या दुकानांचं भाडं निघतं.

इथे एक गोष्ट नोंदवतो. युनानी शिकलेला, नोंदणी असलेला, साखर आणि रक्तदाब तपासून वेळेवर पुढे पाठवणारा डॉक्टर वेगळा आणि भिंतीवरचा हकीम वेगळा. इब्न सीनाने आपल्या ‘अल-कानून’मध्ये पुरुषांच्या या विकारांवर स्वतंत्र विवेचन केलं आहे, अर-राझीनेही या विषयावर लिहिलं आहे. हजार वर्षांपूर्वी आपले हकीम हे शास्त्र म्हणून, न लाजता लिहीत होते. आज त्यांचं नाव फलकावर रंगवून जो धंदा चालतो, त्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

सगळ्यात भयंकर म्हणजे या ‘जडीबुटी’च्या भुकट्यांत अनेकदा गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं. सिल्डेनाफिल म्हणजे १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ‘व्हायग्रा’. डॉक्टरच्या देखरेखीखाली ते चांगलं औषध आहे. पण छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात हे गेलं, तर रक्तदाब एकदम कोसळून तो दगावू शकतो. हकिमाच्या पुडीवर हे लिहिलेलं नसतं.

हे ऑपरेशन आहे तरी काय

मामूंना जे सांगितलं गेलं, ते मी समजून घेतलं तसं इथे मांडतो. कारण आपल्या भाषेत हे कुणी सरळ सांगत नाही.

या आजारावर उपचारांच्या पायऱ्या आहेत. साखर आटोक्यात आणणं, तंबाखू सोडणं, वजन उतरवणं, चालणं ही पहिली. गरज असेल तिथे समुपदेशन. मग गोळ्या. गोळ्यांनी भागलं नाही तर व्हॅक्यूमचा पंप किंवा लिंगात द्यायचं इंजेक्शन. हे सगळं करून उपयोग झाला नाही, किंवा रुग्णाला ते मानवलं नाही, तर शेवटच्या पायरीवर इम्प्लांट येतं.

त्या दोन स्पंजासारख्या पोकळ्यांत दोन नळकांडी बसवायची, एवढंच हे ऑपरेशन. दोन मुख्य प्रकार आहेत. एकात सिलिकॉनच्या लवचीक दांड्या असतात. त्या कायम ताठ राहतात, हवं तेव्हा सरळ करायच्या, एरवी वाकवून ठेवायच्या. दुसरा प्रकार फुगवता येणारा. त्यात लिंगातल्या दोन नळकांड्यांशिवाय वृषणाच्या पिशवीत एक छोटा पंप आणि ओटीपोटात मिठाच्या पाण्याची एक लहान पिशवी असते. पंप दाबला की पाणी नळकांड्यांत येतं आणि ताठरता येते, बटण दाबलं की पाणी परत जातं. बाहेरून काही दिसत नाही. हा फुगवता येणारा संच अमेरिकेत ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये जगासमोर आणला. म्हणजे हा कालचा प्रयोग नाही, पन्नास वर्षं जुना उपचार आहे. परदेशी फुगवणारा संच लाखांच्या घरात जातो. लवचीक दांड्यांचा देशी प्रकार त्यामानाने खूपच स्वस्त पडतो आणि तो मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शाह यांच्या नावाने ओळखला जातो. मराठी मुलखातच हे काम झालंय आणि आपला माणूस मात्र लॉजवरच्या हकिमाच्या रांगेत बसलाय.

आता दुसरी बाजू, जी काही डॉक्टर भराभर उरकून टाकतात. इम्प्लांट बसवलं की मूळ ताठरता परत येण्याचा रस्ता बंद होतो. नंतर ते काढलं तर गोळ्यांचाही उपयोग होत नाही. लांबी वाढत नाही, उलट पूर्वीपेक्षा कमी वाटते, अशी तक्रार अनेक जण करतात. इच्छा, संवेदना, वीर्यपतन या गोष्टी आधी जशा होत्या, साधारण तशाच राहतात. इम्प्लांट त्या देत नाही आणि हिरावूनही घेत नाही. जंतुसंसर्गाचा धोका चांगल्या ठिकाणी शंभरात एक ते तीन इतका असतो, साखर वाढलेली असेल तर जास्त. संसर्ग झाला तर बहुधा सगळं काढावं लागतं. यंत्र आहे, दहा-पंधरा वर्षांनी बिघडू शकतं, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. जखम भरून वापर सुरू करायला चार ते सहा आठवडे जातात. हे सगळं ऐकून, समजून ज्यांनी करून घेतलं, त्यांच्यातले बहुसंख्य पुरुष आणि त्यांच्या बायकाही समाधानी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसतं.

म्हणून इम्प्लांटची टिंगल करणाऱ्यांना माझा जितका विरोध आहे, तितकाच ते भाजीसारखं विकणाऱ्यांनाही आहे. पंचविशीतला पोरगा लग्नाच्या पहिल्या महिन्यात घाबरून आला, तर त्याला धीर आणि समुपदेशन हवं. त्याला पहिल्याच भेटीत ऑपरेशनचं पॅकेज सांगणारा डॉक्टर आणि लॉजमधला हकीम यांच्यात फरक एवढाच, की एकाच्या खोलीत एसी आहे.

जायज आहे का?

मी मुफ्ती नाही. पण डोळे मिटून बसायलाही कुणी सांगितलेलं नाही. ‘अल्लाहने घडवलेल्या शरीरात ढवळाढवळ’ असा आक्षेप घेणाऱ्यांना एक सवाल आहे. मौलवीसाहेबांच्या डोळ्यातली मोतीबिंदूची लेन्स, हाजीसाहेबांच्या छातीतला पेसमेकर, नानीच्या गुडघ्यातला धातूचा सांधा यांच्या वेळी हा आक्षेप कुठे होता? तो फक्त कमरेखालीच का आठवतो?

हदीसच्या ग्रंथांत अरफजा बिन असअद या सहाबीची हकीकत येते. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषांना एरवी सोनं वापरायची मनाई आहे, तरीही. नाकाशिवाय माणूस जगू शकतो, मरत नाही. पण चारचौघांत त्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून ही सवलत होती. गमावलेला अवयव कृत्रिम साधनाने भरून काढण्याचं यापेक्षा जुनं आणि स्पष्ट उदाहरण कोणतं हवं? इलाज करा, ही तर प्रेषितांची सर्वसाधारण शिकवणच आहे. शरीर सजवण्यासाठी केलेला बदल आणि आजारासाठी केलेला इलाज यांत फरक करायला आपल्या उलमांनी फार पूर्वीच शिकवलं आहे. नवरा-बायकोच्या हलाल नात्यासाठी केलेला इलाज दुसऱ्या खात्यात टाकायला काही आधार नाही.

राहिला गुसल. जिवंतपणीच्या वजू-गुसलला या इम्प्लांटने काही बाधा येत नाही, ते शरीराच्या आत आहे. मयतीला गुसल देताना नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग कापडाने झाकलेला असतो, हाताला कापड गुंडाळून धुतला जातो, आणि जे दिसलं-जाणवलं ते झाकून ठेवणं हे गुसल देणाऱ्याचं कर्तव्य आहे. मामूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की फुगवणारा प्रकार असेल तर कळण्याची शक्यता कमी, लवचीक दांड्या असतील तर हाताला कळू शकेल. पण कळलं आणि तो बाहेर बोलला, तर गुन्हेगार तो आहे. तुम्ही नाही, मामू. पेसमेकर लावलेल्या माणसाला दफन करताना आपण हसत नाही.

आणि मामी?

आतापर्यंत सगळं पुरुषाबद्दल झालं. मुद्दाम शेवटी ठेवलेला, पण सगळ्यात मोठा मुद्दा बायकांचा आहे.

नवऱ्याच्या असमर्थतेचा प्रश्न आपल्या फिक्हमध्ये पहिल्यापासून आहे. असमर्थ नवऱ्याला ‘इन्नीन’ म्हणतात. बायकोने काजीकडे तक्रार केली, तर हजरत उमर (र.) यांच्या निर्णयाचा आधार घेऊन नवऱ्याला एक वर्षाची मुदत देतात. वर्षच का? तर चारही ऋतू त्याच्या तब्येतीवरून जावेत, इलाजाला वाव मिळावा. वर्षानेही फरक पडला नाही, तर वेगळं व्हायचं की नाही हे ती स्त्री ठरवते. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी एक स्त्री काजीसमोर उभी राहून हे बोलू शकत होती, आणि काजी तिला बेशरम म्हणत नव्हता. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात हेच आलं आहे. निकाहच्या वेळी नवरा असमर्थ असेल आणि नंतरही तसाच राहिला असेल, तर ते बायकोला फसख मागण्याचं कारण आहे, आणि नवऱ्याने अर्ज केला तर कोर्टाने त्याला एक वर्ष द्यायचं आहे.

या तरतुदीकडे नीट बघा. ती नवऱ्याला शिवी देत नाही, इलाजाला वेळ देते. बायकोला गप्प बसवत नाही, तिचं म्हणणं ऐकते. यापेक्षा शहाणपणाची भूमिका आज आपल्या किती घरांत घेतली जाते? आपल्याकडे काय होतं? लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही, तर मुलीला दर्ग्यावर न्यायचं, तिच्याच तपासण्या करायच्या, ‘बांझ’ म्हणायचं. नवऱ्याची चाचणी करा, असं सुचवणाऱ्या भाभीला घरात कुणी बोलू देत नाही. काही ठिकाणी तर आपली असमर्थता झाकण्यासाठी माणूस दुसरं लग्न करतो. एका मुलीचं आयुष्य नासवून झालं की दुसरीचं.

ज्यांना हा त्रास निकाहनंतर वीस-पंचवीस वर्षांनी झाला, त्यांच्या बायकांबद्दल तर कुणी बोलतच नाही. ‘इस उमर में क्या’ म्हणून विषय संपवला जातो. मी मामूंना विचारलं, मामींना ऑपरेशनबद्दल सांगितलंय का? ते चमकले. सहा वर्षांत त्यांनी बायकोशी यावर एक शब्द बोललेला नव्हता. ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागले, तिला वाटलं आपल्यात काही कमी पडलं. दोन माणसं एकाच छपराखाली सहा वर्षं एकमेकांचा गैरसमज सांभाळत राहिली. कुठलाही इम्प्लांट हे दुरुस्त करणार नाही. आधी बोलावं लागेल. तिला हे ऑपरेशन हवं आहे का, की तिला फक्त नवऱ्याने जवळ बसून बोलायला हवं आहे, हे तिला विचारल्याशिवाय कुणाला कळणार? ज्यांना ऑपरेशन नको आहे, ज्यांनी दोघांनी मिळून तसंच राहायचं ठरवलं आहे, ते जोडपंही तितकंच पूर्ण आहे.

‘आपल्या अब्रूचं काय?’

हा लेख वाचून काही जण म्हणतील, आधीच मुसलमानांना बदनाम करायला लोक टपलेत, तू आणखी हे कशाला उघड्यावर आणतोस? मला या युक्तिवादाची गंमत वाटते. बाहेर ‘हम पाच, हमारे पच्चीस’ म्हणून आपली हेटाळणी होते. मुसलमान पुरुष म्हणजे जणू सांड, असं चित्र रंगवलं जातं. आपण त्या चित्रावर रागावतो आणि आतल्या आत त्याच चित्राला घाबरून जगतो. आपणही मर्दानगी तिथेच मोजतो, जिथे आपली टवाळी करणारा मोजतो. त्या चित्रातून बाहेर पडायचा रस्ता हाच, की आमचेही पुरुष इतरांसारखे आजारी पडतात, त्यांनाही शुगर होते, तेही डॉक्टरकडे जातात, हे आपण सरळ बोलावं. आणि हा प्रश्न काही एकट्या मुसलमानांचा नाही. लॉजवरच्या त्या रांगेत सगळ्या जातिधर्मांची माणसं मान खाली घालून बसलेली असतात. सर्वधर्मसमभाव पाहायचा असेल तर तिथे जाऊन पाहावा.

‘ही बेहयाई आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हजरत आयशा (र.) यांनी अन्सार स्त्रियांचं कौतुक का केलं होतं ते आठवावं. दीन समजून घेताना त्यांना लाज आडवी आली नाही, म्हणून. हया म्हणजे गैर गोष्टीची लाज. आजार सांगायची लाज म्हणजे हया नव्हे.

काय करता येईल, तेही सांगतो. जुम्याच्या खुत्ब्यात मधुमेहावर बोला, त्यातच दोन वाक्यं याबद्दल बोला. आकाश कोसळणार नाही. निकाहच्या आधी मुलाला मेहर किती हे विचारता, तसं तंबाखू आणि शुगरही विचारा. मोहल्ल्यात आरोग्य शिबिर भरवता, तिथे पुरुषांसाठी वेगळी खोली आणि एक युरोलॉजिस्ट ठेवा. शुगरचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी पायांबद्दल, डोळ्यांबद्दल विचारतात तसं याबद्दल स्वतःहून विचारावं, रुग्ण विचारणार नाही. आपल्या भागात अशा जाहिरातीने भिंत रंगली, तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या. तक्रार करायला स्वतःला आजार असावा लागत नाही. आणि तरुणांनो, कट्ट्यावर बसून एकमेकांना ‘नामर्द’ म्हणणं बंद करा. तुमच्यातला एखादा तो शब्द घरी घेऊन जातो.

मामूंचं पुढे काय झालं? सर्जनने त्यांना परत पाठवलं. साखर फार वाढलेली होती, या साखरेत चिरफाड करणार नाही म्हणाले. ते मला आवडलं. डॉक्टर चांगला आहे. मामूंनी तंबाखू सोडली, फजरनंतर चालायला लागले, इन्सुलिन वेळेवर घेतात. ऑपरेशन करायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. पण पुढच्या तपासणीला ते एकटे गेले नाहीत. पुण्याच्या एसटीत त्यांच्या शेजारच्या सीटवर मामी होत्या.

परवा मशिदीबाहेर भेटले तेव्हा मी विचारलं, ‘‘मामू, गुसलवाला सवाल?’’ म्हणाले, ‘‘पहले जीने का देखते बेटा.’’